आहुपे: हिरड्याच्या रानातून, गावच्या वाटाड्यासोबत

बत्तीस वर्षं मी हिरडा विकतेय. पुण्यात रविवार पेठेत आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. बाळहिरडा, सुरवारी हिरडा, त्रिफळ्यासाठी निवडलेला, एरंडेलात फुलवून दिलेला, सगळे प्रकार या हातांनी तोलले. अंधारात पोत्यात हात घातला तरी माल कसा आहे ते बोटांना कळतं. पण हिरड्याचं झाड मात्र छप्पन्न वर्षं पुरी होईपर्यंत पाहिलं नव्हतं. आमच्याकडे तो पोत्यातूनच यायचा.

यंदा कोजागिरीनंतरच्या शनिवार-रविवारी भाचीसोबत आहुप्याला, आंबेगाव तालुक्यातल्या सह्याद्रीच्या कड्यावरच्या गावाला, जाऊन आले. भाची वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतेय, तिनेच हट्ट धरला. गावातल्याच एका तरुणाला वाटाड्या म्हणून घेतलं आणि कड्याच्या धारेने, देवराईतून, खाचरांच्या बांधावरून दिवसभर चाललो. त्या चालण्याबद्दल लिहिते, कारण जाण्याआधी मी शोधलं तेव्हा आहुप्याच्या नावाने धबधब्यांचे आणि ढगांचेच फोटो सापडत होते. पाऊस संपल्यावर तिथे काय असतं ते कुणी नीट सांगत नव्हतं.

आधी एक जुना अनुभव सांगते, म्हणजे मी कशाशी तुलना करतेय ते कळेल. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका ग्रुपसोबत भीमाशंकरच्या बाजूच्या जंगलात गेले होते. दोन बस, शंभरावर माणसं. पुढे शिट्टी, मागे शिट्टी, मध्ये कुणाच्यातरी पिशवीत गाणी लावलेला स्पीकर. एका झाडाखाली थांबून मी लीडरला विचारलं, हे कुठलं झाड? तो म्हणाला, "मॅडम, पुढे पॉइंट आहे, तिथे थांबायचंय." त्या दिवशी मी सोळा किलोमीटर चालले आणि एकाही झाडाचं नाव न कळता घरी आले. आहुप्याला आम्ही आठ-साडेआठ किलोमीटरच चाललो असू. त्याला सात तास लागले, आणि ते सात तास मला अजून वाटेतल्या वळणांसकट आठवतात.

पुण्याहून मंचर, घोडेगाव, मग डिंभे. डिंभ्यापुढे रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेने वळत वळत जातो. या पाण्याचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले ते. आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला. मला हे ठाऊक नव्हतं, गाडी चालवणाऱ्या दादांनी सांगितलं. पुढे माळीणचा फाटा लागतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथे डोंगर खाली आला, दीडशेहून जास्त माणसं गेली. रोजची एसटी घेऊन येणाऱ्या चालकाला गाव जागेवर दिसेना, त्याच्यामुळे बाहेर खबर गेली. आम्ही फाट्यावर गाडी थांबवून दोन मिनिटं उभ्या राहिलो. या भागात भर पावसात हौसेने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. धबधबे तेव्हाच असतात हे खरं, पण ऊन पडल्यावर, ओढे नितळ झाल्यावर, पायाखालची माती धरून राहायला लागल्यावर जावं.

रात्री वाटाड्याच्याच घरी राहिलो. सकाळी साडेसहाला निघायचं ठरलं होतं, निघायला सव्वासात झाले. गाय व्यायला आली होती, त्यामुळे उशीर झाला. कारण समजण्यासारखं होतं, पण त्या पाऊण तासाची किंमत आम्ही अकरानंतर उन्हात मोजली. शरदातलं ऊन कातळावर सोसत नाही. तुम्ही जाल तेव्हा उजाडताच निघायचा आग्रह धरा.

पहिला अर्धा तास तो फार भरभर चालला. त्यांना त्याच चालीची सवय. मी म्हटलं, "दादा, माझे गुडघे दुकानात बसून बसून धरलेत, जरा हळू." तेव्हापासून तो माझ्या मागे चालायला लागला. वाटाड्या मागे आणि आपण पुढे, हे मला फार आवडलं. वाट फुटली की तो मागून "डावीकडची, मावशी" एवढंच म्हणायचा. त्यामुळे चाल माझी राहिली आणि थांबणंही माझं.

गावाबाहेर पडताच सगळं पिवळं. दुरून एकच रंग वाटतो, पण जवळ गेल्यावर ती दोन वेगळी पिवळी आहेत. उतारावर, बांधावर आपोआप आलेली बारीक फुलांची ती सोनकी. आणि वावरात ओळीने डोलणारी, जरा मोठ्या फुलाची, ती खुरासणी. आपण पुण्यात कारळे म्हणतो, चटणी करतो, तेच. दुकानात मी किलोकिलोने कारळे विकले, पण ते असे सोन्यासारखे फुलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाटाड्याने एक फूल उलटं करून पाकळ्यांखालची हिरवी वाटी दाखवली. वाळल्यावर त्यातच ते काळे दाणे सापडतात. मधमाश्या इतक्या होत्या की वावर घुमत होतं.

मध्येच कारवीचं रान लागलं. ही सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. आमच्या वाटेवरच्या कारवीची ती वेळ नव्हती, नुसती हिरवी गच्च उभी होती. तिच्या काठ्यांचा कूड करून त्यावर माती लिंपायची, अशा भिंती गावात अजून दोन-चार ठिकाणी आहेत. राहिलो त्या घराची मागची पडवीही तशीच.

कड्यावर पोचलो तेव्हा खालचं धुकं उठत होतं. समोर गोरखगडाचा सुळका, त्याच्या शेजारी मच्छिंद्रगड, डावीकडे सिद्धगड. खाली मुरबाड तालुक्यातली गावं, खोपिवलीची कौलं. या कड्यावरून आहुपे घाटाची जुनी पायवाट कोकणात उतरते. वाटाड्याचे आजोबा याच वाटेने बैल घेऊन मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेला जायचे, येताना घोंगडी आणायचे. तो म्हणाला, "आता गाडीनं गेलं की दीडशे किलोमीटर फिरून जावं लागतं. आजा दोन तासात उतरायचा." मग त्याने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर एक रेघ ओढली. या बाजूला पडलेला थेंब घोड नदीत जातो, घोडेतून भीमेत आणि तिकडून पार पूर्वेच्या समुद्राला. त्या बाजूला पडलेला कोकणातून पश्चिमेच्या समुद्राला. घोड इथेच आहुप्याच्या शिवारात उगम पावते. शाळेत जलविभाजक हा शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या रेघेपाशी कळला.

कड्यावर कठडा नाही आणि गवत ओलं असतं. वाटाड्याने आम्हाला काठापासून दहा पावलं आत बसवलं आणि भाची फोटोसाठी पुढे सरकली तेव्हा तिला सरळ दंडाला धरून मागे घेतलं. तिला राग आला. मला त्याच क्षणी त्याच्यावर भरवसा बसला.

मग देवराई. उघड्या सड्यावरून आत पाऊल टाकलं आणि घाम लगेच गार झाला. एकदम सावली, ओलसर पानांचा वास आणि पायाखाली बोटभर जाडीचा पालापाचोळा. पायातले बूट काढायला सांगितलं नाही, पण आवाज खाली आणायला सांगितलं. इथलं वाळलेलं लाकूडही कुणी घरी नेत नाही. देवाचं काम असेल तरच फांदी उचलायची. भाचीने सांगितलं की माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या. जिथे बाकीचं रान तुटलं तिथे हे तुकडे का टिकले, हे त्यांनी अभ्यासकांपुढे मांडलं. वाटाड्या ऐकत होता. मग म्हणाला, "टिकलं कारण आमच्या बाया पाण्याला इथंच येतात. रान गेलं तर झरा जाईल." झरा खरंच आहे, देवराईच्या खालच्या अंगाला, हातभर खोल, तळाचा दगड दिसावा इतका स्वच्छ.

गारंबीचा वेल मी तिथेच पाहिला. वेल म्हणायला जीभ वळत नाही, माणसाच्या मांडीएवढा जाड, पिळलेला, एका झाडावरून चढून तिसऱ्या झाडावर गेलेला. खाली गेल्या वर्षीच्या शेंगेचा तुकडा पडला होता. त्यातली बी, चपटी, तपकिरी, गुळगुळीत, मी तळहातावर घेतली. दुकानात तिसऱ्या फळीवरच्या बरणीत ती आहे. जिथून घेतली तिथेच ठेवून दिली. वाटाड्याने काही म्हटलं नव्हतं, पण तिथून काही उचलावंसं वाटलं नाही.

देवराईच्या टोकाला त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं. आंब्याच्या फांदीच्या अगदी शेंड्याकडे काटक्या-पानांचा गोल घरट्यासारखा गोळा होता. शेकरूचं, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीचं घर. एक शेकरू अशी चार-सहा घरं बांधतं, सगळ्यांत राहत नाही, आणि बांधतं बारीक फांदीवर, म्हणजे जड जनावर तिथवर येऊ नये. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः याच्यासाठी, आणि आपल्या राज्याचा प्राणीही हाच. आम्ही वीस मिनिटं बसलो. शेकरू दिसलं नाही. एकदा वरून खडखड असा आवाज आला आणि अर्धं कुरतडलेलं फळ भाचीच्या पायाशी पडलं, एवढंच. वाटाड्याने "नक्की दाखवतो" असं कबूल केलं नव्हतं, म्हणून मला फसल्यासारखं वाटलं नाही. नक्की दाखवतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

आणि मग हिरडा.

देवराईतून बाहेर पडून आम्ही माळावरच्या झाडांत आलो. वाटाड्या एका झाडापाशी थांबला. मध्यम उंचीचं, काळपट भेगाळलेल्या सालीचं, एरवी मी वळूनही पाहिलं नसतं असं झाड. "ओळखा मावशी." मी ओळखू शकले नाही. त्याने एक खालची डहाळी वाकवली आणि पान माझ्या हातात दिलं. पानाचा देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी, मोहरीहून लहान, समोरासमोर. बोट फिरवल्यावर लागतात. "ह्या दोन गाठी बघा. हिरडा." वर, हाताला न येणाऱ्या फांदीवर काढायची राहून गेलेली चार-पाच फळं होती. काठीने त्याने एक पाडलं. हिरवट पिवळं, गुळगुळीत, जवळजवळ अंड्यासारखं. मी त्यावर पाच धारा शोधत होते. दुकानातल्या प्रत्येक हिरड्यावर पाच धारा असतात, गिऱ्हाइकाला मी त्यावरूनच ओळख सांगते. त्या धारा वाळताना उमटतात, झाडावर तो असा गोंडस असतो. मी ते फळ दातांनी जरा चावून पाहिलं. तोंड लगेच तुरट होऊन आवळलं. ती चव मात्र माझ्या ओळखीची होती. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तुरटपणाने आलं नव्हतं.

बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ, आतली बी धरायच्या आधी तोडलेलं. उन्हाळ्यात झाडावर चढून, फांद्या झोडपून तो पाडायचा, खाली बायकांनी वेचायचा, मग खडकावर पसरून काळा होईपर्यंत वाळवायचा. या पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांचा वर्षाचा रोकडा पैसा बराचसा यावर येतो. भात घरी खायला, हिरडा विकायला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथली हिरड्याची झाडं मुळासकट पडली. वाटाड्याने दोन खड्डे दाखवले, एकात अजून वाळलेलं खोड आडवं आहे. लावलं तरी हाताशी यायला पंधरा-वीस वर्षं जातात, असं त्याचं म्हणणं. त्याचा चुलता हिरड्यावरून पडला, तेव्हापासून लंगडतो. हे सगळं तो उभ्या उभ्या, काठीने माती उकरत सांगत होता. मी आजवर पोत्याचं वजन आणि ओलावा एवढंच पाहत आले.

परतीच्या वाटेला एका झुडपावर हिरव्या पिळदार शेंगा दिसल्या. ही मी लांबूनच ओळखली, मुरुडशेंग! बाळगुटीतली, पोट मुरडतं त्यावर उगाळून देतात ती. वाटाड्या म्हणाला, "आम्ही हिला केवण म्हणतो. शेंग तुमच्या कामाची, साल आमच्या." सालीचा एक पट्टा सोलून त्याने मांडीवर वळला, दोन मिनिटांत वीतभर दोर झाला. तो दोर माझ्या गल्ल्यावर आहे.

जेवण त्याच्या आईने केलं होतं. नाचणीची भाकरी, हुलग्याच्या शेंगोळ्या, खुरासणीची चटणी, इंद्रायणीचा भात. शेंगोळ्यांचा रस्सा दाट, लसणाचा वास पुढे, तिखट बेताचं. चटणीत कूट इतकं ताजं होतं की तेल बोटांना लागत होतं. मी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर आई आत गेल्या आणि सुपात बाळहिरडा घेऊन आल्या. मी सवयीने एक मोडून पाहिला. आतून काळा, काचेसारखा चकाकणारा, बी नाही, पोकळी नाही. पहिल्या प्रतीचा माल. भाव काय मिळाला विचारलं. त्यांनी सांगितला. मी त्याच मालाला दुकानात काय लावते ते मीही सांगितलं, दुपटीहून जास्त होतं. त्या काही बोलल्या नाहीत, सुपातले खडे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मधी लई हात असतात, ताई." मी दलालाकडून घेते, दलाल कुठल्याशा व्यापाऱ्याकडून, हे मला माहीत होतं. पण सुपाच्या पलीकडे बसलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

आता जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वाटाड्याने आमच्याकडून दिवसाचे आठशे घेतले, दोघींचे मिळून. जेवण आणि राहणं वेगळं. मी म्हणेन, यात घासाघीस करू नका, हे पैसे पूर्ण त्या घरात राहतात. संडास घराबाहेर आहे, स्वच्छ होता, पण रात्री टॉर्च लागतो. फोनला रेंज जवळजवळ नाही, घरी आधी सांगून ठेवा. प्रथमोपचाराची पेटी वाटाड्याकडे नव्हती, ही मला मोठी उणीव वाटली. कड्याच्या वाटेवर माणसं नेणाऱ्याकडे ती हवीच. मी त्याला तसं म्हटलं आणि माझ्याजवळची पट्टी, आयोडीन, क्रेप बँडेज ठेवून आले. पाणी दोन लिटर न्या, देवराईनंतर कातळावर सावली नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवत अंगाला कापतं. आणि दहापेक्षा जास्त जणांनी एकदम जाऊ नका. आम्ही परतताना तीस-पस्तीस जणांचा एक घोळका येताना दिसला, शेवटच्या माणसाला पुढचा वाटाड्या काय सांगतोय ते ऐकूही जात नव्हतं.

लहान मुलांना कड्यापर्यंत नेऊ नका, देवराईपर्यंत जरूर न्या. गुडघे माझ्यासारखे असतील तर काठी घ्या, चढ फारसा नाही, पण बांधावरून उतरताना लागते.

निघताना आईंकडून चार किलो बाळहिरडा घेतला, माझ्या दुकानातल्या खरेदीच्या भावाने. तो वेगळ्या बरणीत भरलाय आणि चिठ्ठीवर "आहुपे" लिहिलंय. परवा एक आजी नातवाच्या गुटीसाठी आल्या, त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय? मी त्यांना पानाच्या देठावरच्या दोन गाठींपासून सांगायला सुरुवात केली. दुकानात गर्दी होती, पण त्या थांबून ऐकत होत्या.

वाटाड्याने चैत्रात बोलावलंय, हिरडा पाडायच्या दिवसांत. दुकान तीन दिवस दिराकडे देऊन जाणार आहे. त्याच्या आईने सांगितलंय, येताना जुन्या सुती साड्या आणा, खाली पसरायला कमी पडतात.